रोडग्याला तीन तास लागतात

प्रश्न: आम्ही पाच मित्र कारंजा तालुक्यातल्या एकाच गावचे, सगळे चाळिशी ओलांडलेले. तुरी घरात आल्या की चार दिवस गाड्या काढून नुसतं खायला फिरायचं ठरवलंय. शेगाव, अंजनगाव, चिखलदरा, वर्धा आणि शेवटी नागपूरचं सावजी (झणझणीत मटण-रस्सा). तीन स्प्लेंडर, एक बुलेट, पाचवा मागं बसणार. एक जण माळकरी आहे. एकाची सासुरवाडी अंजनगावजवळच्या खेड्यात आहे, पण तो 'तिकडं नको' म्हणतो. बुलेटवाला म्हणतो, नागपूरहून समृद्धी महामार्गानं झटक्यात घरी येऊ. बेत कसा वाटतो?
— एक वाचक, जि. वाशिम

उत्तर: आधी बुलेटवाल्याचं मिटवू. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, कारंज्याजवळून गेला असला तरी आपल्यासाठी तो फक्त खालून बघायचा रस्ता. तेव्हा नागपूर गाळा. चार दिवसांत पाच ठिकाणं म्हणजे खाणं कमी आन् हॉर्न जास्त. सावजी अमरावतीत मिळतं, वर्ध्यातही मिळतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या यादीत सगळी गावं हॉटेलांची आहेत आणि जिथं खरं जेवण आहे तिथं जायला जावई तयार नाही! राजेहो, वऱ्हाडातलं सगळ्यात चांगलं ताट हॉटेलात लागतच नाही, ते वावरात लागतं. रोडगे खा. जाडसर कणीक, तेलाचं मोहन, एकात एक पुऱ्या ठेवून वळलेले गोळे. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसून लाल आर झाला की त्यात गोळे लावायचे, वरून गरम राख ओढायची आणि गप बसायचं. गोवऱ्या पेटल्यापासून ताटापर्यंत तीन तास धरा. घाई केली की वरून काळे, आतून कच्चे. राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि पाणी न घालता शिजल्यासारखी लागणारी वांग्याची भाजी. माळकऱ्यालाही यात काही अडत नाही.

जावयाला सांगा, लाजू नको. त्याची भीती मला कळते: सासऱ्याच्या दारात चार रिकामटेकडे नेऊन उभे केले तर बायको वर्षभर ऐकवेल. म्हणून चार दिवस आधी फोन करायचा आणि शिधा आपण न्यायचा. कणीक, तूप, डाळ, वांगी, अगदी सांबारसुद्धा. (तुमच्यात कोणी पुण्याला राहून आलेला असेल तर सांगून ठेवा, आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. नाहीतर तो इडल्या घेऊन येईल.) सासऱ्याकडं मागायचं ते फक्त वावर, विहीर आणि गोवऱ्या. जेवल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, मुक्काम तिथंच. सकाळी निघताना अंजनगावचं विड्याचं पान घ्या, पानमळ्यांचा मुलूख आहे तो.

म्हणून क्रम असा लावा. पहिला दिवस शेगाव: कचोरी उभ्यानं, गरम, एकच. दुसरी घेतली तर संस्थानच्या महाप्रसादाला पोटात जागा राहत नाही. दुसऱ्या दिवशी अकोटवरून अंजनगाव, दुपारी बाराच्या आत, कारण ते तीन तास. तिसऱ्या दिवशी परतवाड्यावरून घाट चढून चिखलदरा. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती याच डोंगरात, तेव्हा चहा बाजूला ठेवा. तिथून अमरावती, रात्री सावजी. चौथ्या दिवशी वर्धा, तिथला गाईच्या तुपातला, बिस्किटासारखा गोरसपाक घरच्यांसाठी बांधून घ्या. तो पिशवीत टिकतो, कचोरी टिकत नाही.

सावजी रात्रीच, आणि जिथं झोपायचं तिथंच. मी 22 वर्षं गॅरेज चालवलं, गाड्या कशा पडतात ते पाहिलंय. एकदा आम्हीच भर दुपारी एका ढाब्यावर तर्री ओरपून निघालो. पाचव्या मैलाला माझा दोस्त डोळे उघडे ठेवून झोपला आणि गाडीसकट पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत शिरला. त्याला खरचटलंही नाही. पऱ्हाटीच्या मालकानं जे ऐकवलं ते मात्र अजून लक्षात आहे. माळकऱ्यासाठी पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) मागवा, पण आधी विचारा की रस्सा वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात आहे का आणि पळी तीच तर नाही. त्यानं विचारायला संकोच केला तर तुम्ही विचारा.

गाड्यांचं थोडक्यात: सगळ्यात जुनी स्प्लेंडर पुढं, वेग तिचा. बुलेट सगळ्यात मागं, म्हणजे तिला मिरवता येणार नाही आणि कोणी मागं राहणार नाही. त्या दिवसांत खेड्यापाड्यांत तुरी रस्त्यावर वाळत टाकतात, त्यावर ब्रेक मारला की चाक गेलंच. कापसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट. एक ट्यूब, पंप आणि चेनला तेल सोबत असू द्या.

प्रश्न: आम्ही चौघी जणी शिक्षिका, चार ऍक्टिव्हा. आम्हाला असा दौरा जमेल का, की तो पुरुषांचाच?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: जमेल. टाकी लहान असते, म्हणून घाट चढायच्या आधी परतवाड्यात भरून घ्या, आणि चाकं लहान, म्हणून खड्ड्याचा रस्ता लागला की गतीचा हट्ट सोडा. रोडग्यांचं म्हणाल तर आमच्याकडं वावरात ते गडीमाणसंच भाजतात आणि दरवेळी चार-पाच जाळून ठेवतात. तुम्ही भाजून बघा आणि किती जळाले ते मला कळवा.