विचारा की! : ॲक्सोलॉटलनं अंडी घातली, आता पुढं काय?

थंडी सुरू झाली आणि पत्रांचा विषयच बदलला, गप्पी, गोल्डफिश सगळे मागं पडले, निम्मी पत्रं ॲक्सोलॉटलच्या अंड्यांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, हा मासा नाही, मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्को तलावातला सॅलॅमँडर आहे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांचे तुरे असतात आणि अख्खं आयुष्य पाण्यातच काढतो. सगळ्यांना वेगवेगळी उत्तरं द्यायला जागा नाही, म्हणून पाच पत्रं निवडलीत.

काका, आमच्या टाकीत काल सकाळी झाडांच्या पानांना सगळीकडं बुळबुळीत गोळे चिकटलेले दिसले, मला वाटलं पाणी खराब झालं, मग लेकीनं मोबाईलवर बघून सांगितलं की अंडी आहेत. आम्हाला तर दोन्ही नर म्हणून विकलेले! काढायची का राहू द्यायची? आणि बरीचशी पांढरी दिसतायत, ती मेली का?
— एक ताई, विश्रामबाग, सांगली

ताई, अभिनंदन करायचं का धीर द्यायचा ते तुमच्या घरात जागा किती आहे त्यावर ठरेल. विकणाऱ्यावर चिडू नका, लहानपणी ह्यांच्यातला नर-मादी कुणालाच ओळखता येत नाही, वर्ष-दीड वर्षाचे झाल्यावर नराच्या मागच्या पायांमागं शेपटीच्या बुडाशी फुगवटा दिसतो तेव्हा कुठं कळतं.

अंडी काढायची, आजच्या आज. ह्यांना आपलं पोर बिर काही कळत नाही, समोर हललं की तोंडात, आणि अंडी वाचली तरी पिल्लं वाचत नाहीत. झाडाचं पान कात्रीनं कापून पानासकट उचला. काचेला चिकटली असतील तर जुन्या एटीएम कार्डानं हळू खरवडा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखं ते जे बाहेरचं आवरण असतं ना ते दिसतं तेवढं नाजूक नसतं. पण नखानं सोलून आत बघायला जाऊ नका, लेकीला पण सांगा.

डबा कुठलाही स्वच्छ प्लास्टिकचा चालतो, श्रीखंडाचा मोठा डबा, आइस्क्रीमचा डबा, फक्त साबण लावून धुतलेला नको. पाणी नळाचं असेल तर त्यातलं क्लोरीन घालवणारे डिक्लोरीनचे थेंब टाकून वापरा. बोअरचं जड पाणी ह्यांना उलट मानवतं, पण आपल्याकडं काही भागात बोअर अगदी खारट लागतं, ते नको. आरओचं पण नको, त्यात क्षारच उरत नाहीत. आणि एक गोष्ट, हंडा-कळशी तांब्याची असेल तर त्यातलं पाणी ह्या डब्यात अजिबात नको, माणसाला चालतं, ह्यांना तांबं विषारी आहे.

आता पांढऱ्या अंड्यांचं. मादी कुठल्या रंगाची आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. अंड्याचा रंग आईकडनं येतो, आई लाल डोळ्यांची अल्बिनो असेल तर सगळी अंडी पांढरीच असतात आणि मस्त जिवंत असतात. आई काळसर असेल, किंवा गोरी पण काळ्या डोळ्यांची असेल, तर अंडं वरनं गडद असतं, मग त्यात एखादंच पांढरं-धुरकट पडलं तर ते गेलेलं. तेव्हा रंग बघून घाईनं फेकू नका, दोन-तीन दिवस थांबा. जिवंत अंडं गोल राहत नाही, आधी घेवड्याच्या बीसारखं लांबट होतं, मग डोकं-शेपूट कळायला लागतं, आठवड्याभरात आत वळवळ दिसते. मेलेल्यावर कापसासारखी बुरशी धरते, ते लगेच ड्रॉपरनं काढा नाहीतर शेजारच्यांना पण धरते. दुकानात मिळणारं निळं औषध काही लोक टाकतात, माझं मत विचाराल तर रोज अर्धं पाणी बदललं की त्याची गरज पडत नाही.

वीस डिग्रीच्या आसपास पाणी असेल तर साधारण दोन आठवड्यांत फुटतात, गारठा जास्त असला तर तीन आठवडे.

आणि आता जे ऐकायला आवडणार नाही ते. एका वेळेला शंभरापासनं हजारापर्यंत अंडी असतात. पहिल्यांदाच करताय तर वीस-तीस ठेवा, बाकीची पहिल्या दोन-तीन दिवसांत, अजून गोल गोळाच आहे तोवर, फ्रीझरमध्ये टाका. कठोर वाटतं मान्य आहे, पण दोनशे पिल्लं उपाशी मरताना बघण्यापेक्षा हे बरं. अंडी फोडायला तुम्हाला काही करावं लागत नाही, ती फुटतातच, माणूस दमतो तो त्यांना जेवू घालताना. म्हणून पुढचं मिरजेच्या दादांचं उत्तर अंडी फुटायच्या आधीच वाचून ठेवा.

अंडी फुटून पाच दिवस झाले. माशांच्या पिल्लांची पावडर टाकली, उकडलेल्या अंड्याचा बलक चोळून टाकला, काही खाईनात. पाण्याला वास यायला लागलाय आणि रोज पाच-सहा मरतायत. काय चुकतंय?
— एक वाचक, मिरज

दादा, पावडर आणि बलक दोन्ही आधी बंद करा आणि हे वाचून व्हायच्या आत पाणी बदला.

ह्या पिल्लांना समोर पडलेली वस्तू म्हणजे खाणं आहे हे कळतच नाही, हललं तर ते खाणं. गोल्डफिशची पोरं बलकावर जगतील, ही नाही, आणि न खाल्लेला बलक रात्रीत पाणी नासवतो, तुमची पिल्लं उपासानं कमी आणि त्या पाण्यानं जास्त मरत असणार. पहिले दोन-तीन दिवस खायला द्यायची गरजच नसते, पोटात पिवळट बलक शिल्लक असतो, नुसती तळाला पडून राहतात आणि माणूस घाबरतो की मेली. तो बलक संपला, पोट रिकामं दिसायला लागलं की मात्र थांबायचं नाही.

द्यायचं काय, तर नुकत्याच फुटलेल्या ब्राइन श्रिंप, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव. आर्टेमिया म्हणून त्यांची वाळलेली अंडी डब्यात मिळतात, मातीच्या भुग्यासारखी दिसतात, अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची जास्त चालतात. अक्वेरियमवाल्याकडं ‘अंडी’ असं विचारून घ्या, तो कवच काढलेली, न फुटणारी पुडी देईल तर ती नको.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, बूड कापा, झाकण घट्ट लावून उलटी टांगा. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅमच्या आसपास जाडं मीठ, म्हणजे चांगले चार-पाच चमचे, त्यात अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी आणि एअरपंपची नळी तळापर्यंत सोडून जोरात हवा, अंडी तळाला बसली तर फुटत नाहीत. वर दिवा लावून ठेवा. पाणी २६ ते २८ डिग्री पाहिजे, चोवीस तासांत फुटतात, थंडीत दीड दिवस. गंमत बघा, पिल्लांना गारवा पाहिजे आणि त्यांच्या जेवणाला ऊब, म्हणून पिल्लं बाथरूमच्या थंड फरशीवर आणि बाटली स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागं, अशी वाटणी मिरजेत सहज जमते.

मग हवा बंद करा, दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, नारिंगी जीव खाली येतात, तळाशी मोबाईलचा टॉर्च धरला तर अजून गोळा होतात कारण उजेडाकडं धावतात. एअरपंपच्या बारीक नळीनं तेवढेच ओढून घ्या. गाळायला चहाची गाळणी उपयोगाची नाही, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असतात, सगळे निसटतात, जुन्या धोतराचं किंवा मलमलचं कापड दुहेरी करून घ्या. साध्या पाण्यानं मीठ धुऊन काढा, ड्रॉपरनं पिल्लांच्या डब्यात सोडा. कवचं मात्र डब्यात जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत.

हे जीव खाऱ्या पाण्यातले, गोड्यात काही तासांतच मरतात आणि तळाला सडतात. म्हणून थोडं थोडं, सकाळ-संध्याकाळ, आणि मधे रोज पाणी बदलायचं. रोज म्हणजे रोज, लग्नाला गेलो होतो चालत नाही. पिल्लानं खाल्लं का ते ओळखायला काही शिकावं लागत नाही, अंग पारदर्शक असतं, पोट नारिंगी दिसलं की जेवण झालं. ज्याचं पोट दोन दिवस रिकामं दिसतंय त्याला वेगळ्या वाटीत घ्या आणि श्रिंप दाट सोडा, म्हणजे नाकासमोरनं जातील तेव्हा धरेल.

बाटली रोज एक लागते म्हणून दोन चालवा, एक आजची एक उद्याची. जमत नसेल तर मोइना किंवा बारीक डॅफ्निया हे पाण्यात टुणटुणणारे इवले जीव द्या, ते गोड्या पाण्यातलेच असल्यामुळं डब्यात जिवंत राहतात, पाणी नासत नाही, मला तर हेच आवडतं पण वाढवायला गच्चीवर हिरव्या पाण्याचं टब आधी महिनाभर तयार पाहिजे. ओढ्यातनं जाळी मारून आणू नका, त्यात हायड्रा नावाचा डंख मारणारा बारीक जीव येतो, चतुराच्या अळ्या येतात, त्या तुमची पिल्लं खातात. मायक्रोवर्म, म्हणजे सुतासारखे बारीक जंत, अडीनडीला ठीक, त्यांच्यावरच पोसायचं म्हणाल तर वाढ खुंटते.

आमच्याकडं लाईट जाते आणि मार्चपासनं घर तापतं. पिल्लं टिकतील का? पाणी गार करायचं चिलर मशीन परवडत नाही.
— एक वाचक, तासगाव

पिल्लांना १८ ते २० डिग्री चांगलं, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतात, बुरशी धरते. परातीत पाणी घालून त्यात डबा ठेवा, भोवती ओला पंचा गुंडाळा, पंखा सोडा, आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळं तीन-चार डिग्री आरामात उतरतात. लाईट गेली की थर्मोकोलच्या खोक्यात डबा आणि शेजारी गोठवलेली पाण्याची बाटली, डब्यात बर्फ टाकायचा नाही. पण मोठे झाल्यावर त्यांना तासगावच्या मे महिन्यात एवढ्यावर ठेवणं मला तरी पटत नाही, एसीची खोली नसेल तर पिल्लं वाढवूच नका.

काका, माझ्या पिल्लांना पुढचे दोन पाय आलेत, मागचे नाहीतच. आमच्या शाळेतल्या बेडकाच्या पिल्लांना तर मागचे आधी आले होते. आणि एकाचा पाय दुसऱ्यानं खाल्ला! आता ते लंगडं राहणार का?
— इयत्ता आठवी, शाहूपुरी, सातारा

शाब्बास, तू बघितलंस ते बरोबर आहे. बेडकात मागचे पाय आधी दिसतात, सॅलॅमँडरमध्ये पुढचे. मागचे नंतर येतील, थांब.

पाय खाल्ला त्याची काळजी करू नको, परत येतो, हाडासकट, बोटांसकट. ह्याच गुणामुळं जगभरातल्या प्रयोगशाळा हा प्राणी पाळतात. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला ३४ ॲक्सोलॉटल पोचले, पुढच्या वर्षी त्यातल्या काहींची तिथं अंडी झाली, ऑग्युस्त द्युमेरील नावाचे शास्त्रज्ञ बघत होते, आणि त्यातली काही पोरं मोठी होऊन कल्ले टाकून जमिनीवरच्या सॅलॅमँडरसारखी दिसायला लागली तेव्हा ते चक्रावले, कारण आईबाप तर पाण्यातच राहिलेले. तुझी तशी होणार नाहीत, जवळजवळ कुणाचीच होत नाहीत.

पण पाय खाल्ला म्हणजे गर्दी झालीय किंवा पोट भरत नाहीये. पुढचे पाय फुटल्यापासनं पाच सेंटीमीटरचे होईपर्यंत ही पोरं समोर हललं त्याला चावतात, भावाचा पाय हलला तरी. लहान-मोठी वेगळी कर, लंगड्याला एकटं ठेव, पाणी स्वच्छ ठेव. दोन सेंटीमीटरच्या पुढं गांडुळाचे अगदी बारीक तुकडे चिमट्यानं हलवत दे. गटारातले लाल किडे दुकानात मिळतात ते स्वस्त असतात पण रोग घेऊन येतात, नको.

आणि जाता जाता, आपल्या महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाही पण बिनपायाचा उभयचर आहे, देवगांडूळ. त्याची एक जात तर २००४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कोयनेजवळच्या हुंबरळीवरनं नोंदवली गेली. बाईंना विचार, त्यांना माहीत असेल.

आमची दीडशे पिल्लं जगली. आता पोसणं होईना. इकडं हवा थंडच आहे, वेण्णा लेकमध्ये सोडली तर जगतील ना?
— एक वाचक, पाचगणी

नाही, नाही आणि नाही. जगली नाहीत तर तुम्ही त्यांना मारायलाच सोडलंत, आणि जगली तर आपली बेडकांची पोरं खातील. पाळलेल्या उभयचरांच्या अंगावर कायट्रिड नावाची बुरशी असू शकते, जगात बेडकांच्या कितीतरी जाती तिनं संपवल्यात, आणि आपल्या डोंगरात कोयना टोडसारखे असे जीव आहेत जे सह्याद्रीबाहेर कुठंच नाहीत. त्यांचं पाणी सुद्धा ओढ्यात ओतू नका, लांब बागेत कोरड्या मातीत जिरवा.

द्यायची असतील तर ज्याच्याकडं थंड टाकी तयार आहे त्यालाच द्या, आणि सात-आठ सेंटीमीटरची होऊन गांडूळ किंवा पेलेट (दुकानातलं दाणेदार खाणं) स्वतःहून खायला लागल्याशिवाय देऊ नका, त्याच्या आधी दिली की चार दिवसांत फोन येतो, काका खात नाही. अजून एक, हा प्राणी साइटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी घरात असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, पिल्लं झाली तरी कळवावं लागतं, कुणाला दिली तरी. तुमच्या आईबाप जोडीची नोंद आहे का ते आधी बघा, नसेल तर पिल्लं वाटायच्या आधी जिल्ह्याच्या वनविभागात जाऊन विचारून या.