ॲडेनोसिनच्या इंजेक्शनने हृदय क्षणभर थांबते, मग झोप का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईंच्या हृदयाचे ठोके अचानक मिनिटाला १८०च्या पुढे गेले, रुग्णालयात ॲडेनोसिनचे इंजेक्शन दिले, मॉनिटरवरची रेघ काही क्षण सपाट झाली आणि मग ठोके नियमित झाले. हेच ॲडेनोसिन मेंदूत झोप आणते आणि चहा-कॉफी त्यालाच अडवते, असे तुम्ही नंतर वाचले. मग त्या इंजेक्शनने आईंना झोप का लागली नाही? मी बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले, पण हा शेवटचा प्रश्न फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला. विषयाचे मर्म मात्र त्यातच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पेशी आपले सारे व्यवहार एटीपी या रेणूच्या जोरावर चालवते. एटीपीतील फॉस्फेटचे गट एकेक करून सुटत गेले की शेवटी ॲडेनोसिन उरते; त्यामुळे काम फार झाले किंवा प्राणवायू कमी पडला की पेशीबाहेर त्याचे प्रमाण वाढते. ते संप्रेरकासारखे रक्तातून दूरवर निरोप नेत नाही. जिथे तयार होते तिथल्याच आजूबाजूच्या पेशींवर परिणाम करते, आणि लगेच एक तर पेशींत परत ओढले जाते किंवा ॲडेनोसिन डिॲमिनेज या विकरामुळे त्याचे इनोसिन होते. (छातीत साठलेले पाणी क्षयरोगाचे आहे का, हे पाहण्यासाठी आपल्याकडे सर्रास जी 'एडीए' तपासणी करतात, ती याच विकराची.)

ॲडेनोसिनचा परिणाम काय होणार, हे त्याला कोणत्या पेशीवरचा कोणता ग्राही, म्हणजे रिसेप्टर, पकडतो यावर ठरते. असे चार ग्राही आहेत: ए१, ए२ए, ए२बी आणि ए३. चारही जी-प्रथिनांमार्फत, म्हणजे ग्राहीचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांमार्फत, काम करतात. परंतु ए१ आणि ए३ पेशीच्या आतील चक्रीय एएमपी या निरोप्या रेणूचे प्रमाण घटवतात, तर ए२ए आणि ए२बी ते वाढवतात. ए१ आणि ए२ए यांना अल्प प्रमाणातील ॲडेनोसिनही पुरते. ए२बीला बरेच जास्त लागते, म्हणून तो मुख्यतः दाह किंवा इजा झालेल्या ठिकाणी कामाला लागतो. ए३चा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही.

आता हृदयाकडे येऊ. ॲडेनोसिनसारख्या ॲडेनिनच्या संयुगांनी प्राण्यांच्या हृदयाची गती मंदावते, हे केंब्रिजमध्ये ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२९ साली दाखवले होते. हे काम ए१ ग्राहीचे. सायनस नोड (जिथे ठोक्याचा विद्युत आवेग सुरू होतो) आणि एव्ही नोड (जिथून तो हृदयाच्या खालच्या कप्प्यांकडे जातो) येथील पेशींवर तो असतो. तो चेतला की पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, पेशीच्या आतला विद्युतभार अधिक ऋण होतो आणि तिला पुढचा आवेग पाठवणे अवघड जाते. आईंना बहुधा पीएसव्हीटी नावाचा, म्हणजे ठोके एकाएकी अतिवेगाने पडू लागण्याचा, त्रास झाला असावा. त्याच्या नेहमीच्या प्रकारांत विद्युत आवेग एव्ही नोडमधून जाणाऱ्या एका वर्तुळात पुन्हापुन्हा फिरत राहतो. ॲडेनोसिनने एव्ही नोड काही सेकंद बंद पडतो, वर्तुळ तुटते आणि सायनस नोड पुन्हा ताबा घेतो. तुम्ही पाहिलेली सपाट रेघ ती हीच.

इंजेक्शन देण्याची पद्धत पाहिली तर औषधाचा स्वभाव आपोआप कळतो. कोपराजवळच्या मोठ्या शिरेत सुई, तिला दोन सिरिंज जोडलेल्या. एकीत ६ मिलिग्रॅम औषध, दुसरीत २० मिलिलिटर सलाइन. औषध एका दमात ढकलायचे, पाठोपाठ सलाइन, आणि हात वर उचलून धरायचा. इतकी घाई करावी लागते, कारण रक्तातील तांबड्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर ॲडेनोसिन इतक्या झपाट्याने शोषून घेतात की त्याचा अर्धायुकाल, म्हणजे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ, १० सेकंदांहूनही कमी असतो. उपयोग न झाल्यास १२ मिलिग्रॅम देतात. त्या काही सेकंदांत रुग्णाचा चेहरा लाल होतो, छातीवर दडपण येते, श्वास अडकल्यासारखा वाटतो, आणि कित्येकांना आपण आता जाणार असेच वाटते. ही भावना मिनिटभरात जाते, हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे. न सांगता सुई देणे मला अन्यायाचे वाटते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे आहे. शिरेतून दिलेले ॲडेनोसिन मेंदूत पोहोचतच नाही म्हटले तरी चालेल: एक तर ते सेकंदांत संपते, आणि उरलेसुरले रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सहजासहजी ओलांडू शकत नाही. झोप आणणारे ॲडेनोसिन मेंदू स्वतःच, जागेवरच तयार करतो.

तिथे ए१ ग्राही चेतापेशीच्या टोकाशी कॅल्शियमचा प्रवेश घटवतो, त्यामुळे ग्लुटामेटसारखे उद्दीपक संदेशवाहक कमी सुटतात. पलीकडच्या पेशीत तो, हृदयाप्रमाणेच, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतो. ज्यांना दीर्घकाळ जागे ठेवले होते अशा मांजरांच्या मेंदूच्या तळाकडील अग्रभागात ॲडेनोसिन वाढत गेले आणि झोपेत ते हळूहळू उतरले, असे १९९७ साली दिसून आले. ए२ए ग्राही मात्र मुख्यतः हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या स्ट्रायटम या भागात, डोपामिन या संदेशवाहकाच्या डी२ ग्राहीच्या अगदी शेजारी असतात आणि त्याच्या विरुद्ध काम करतात. याच कारणाने ए२ए रोखणारे इस्ट्राडेफिलिन हे औषध पार्किन्सनच्या रुग्णांसाठी २०१३ मध्ये जपानने आणि २०१९ मध्ये अमेरिकेने मान्य केले.

चहा-कॉफीतील कॅफिन या ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना चेतवत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसा हा प्रकार: बसलेले कोणी नाही, पण जागा अडलेली. ॲडेनोसिन साचतच राहते. फक्त त्याचा निरोप आत पोहोचत नाही. ए२ए ग्राही नसलेल्या उंदरांना कॅफिनने जागच येत नाही, हा २००५ सालचा प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. रोज कॅफिन घेणाऱ्यांचे शरीर त्याच्याशी जुळवून घेते. मग एखाद्या दिवशी ते मिळाले नाही, की मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. निर्जळी उपवासाच्या दुपारी दुखणाऱ्या डोक्याचा दोष आपण भुकेला देतो. माझ्या मते बऱ्याचदा तो न मिळालेल्या चहाचा असतो. कॅफिनचा अर्धायुकाल साधारण ५ तास असला, तरी माणसागणिक तो पुष्कळ बदलतो. एकाची झोप चारच्या चहाने उडते आणि दुसरा जेवणानंतर कॉफी घेऊनही झोपतो, त्याचे हे एक कारण.

आईंना हा त्रास पुन्हा होऊ शकतो, म्हणून त्यांच्या फाइलवर काही गोष्टी ठळक लिहून ठेवा. दमा असल्यास तो पहिल्या ओळीत, कारण ॲडेनोसिनने दमेकऱ्यांच्या श्वासनलिका आकसू शकतात. थिओफिलिन (दम्यावरचे एक औषध) चालू असेल किंवा नुकताच कडक चहा-कॉफी घेतली असेल तर नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते; उलट डायपिरिडामोल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध) चालू असेल तर थोडीही जास्त होते, कारण ते ॲडेनोसिनला पेशींत परत जाऊ देत नाही. हृदयाची ॲडेनोसिन वापरून स्ट्रेस तपासणी ठरली, तर किती तास आधी चहा-कॉफी बंद करायची हे केंद्रात विचारून घ्या. ती तपासणी ए२ए ग्राहीमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावण्यावरच अवलंबून असते, आणि सकाळचा एक कप घेतला तरी तिचा निष्कर्ष चुकीचा येऊ शकतो.