फिलाडेल्फियात एकच मोकळा दिवस आहे. लिबर्टी बेल आणि इंडिपेन्डन्स हॉल सोडून जुनं काय पाहावं?

घंटा अगदीच सोडू नका. तिकीट नाही, अर्ध्या तासात होते. लंडनहून आलेली ही घंटा 1752 साली पहिल्याच चाचणीत तडकली आणि पास व स्टो या फिलाडेल्फियातल्याच कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. 'लिबर्टी बेल' हे नाव मात्र तिला स्वातंत्र्ययुद्धानं दिलेलं नाही. ते रुळलं गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांमुळे, 1830 च्या दशकात.

घंटेच्या दारातच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहायचे त्या घराचा पाया आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. वॉशिंग्टननी या घरात नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्वेनियाच्या कायद्याप्रमाणे, बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम राज्यात सलग सहा महिने राहिला तर त्याला मोकळं होता येई. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणत! त्यांतली ओना जज 1796 मध्ये इथून निसटली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही.

पण मला विचाराल तर या शहराचा खरा स्वभाव कळतो तो पेनसिल्वेनिया हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत. डॉ. थॉमस बाँड यांना गरिबांसाठी रुग्णालय काढायचं होतं, पण वर्गणी जमेना. मग ते बेंजामिन फ्रँकलिनकडे गेले. फ्रँकलिननं विधिमंडळाकडून ठराव करून घेतला: लोकांनी दोन हजार पौंड जमवले, तर सरकारनंही दोन हजार द्यावेत. एवढे पैसे जमायचे नाहीत, फुकटात दानशूर म्हणवून घेऊ, अशा हिशोबानं विरोधकांनीही ठरावाच्या बाजूनं मत दिलं. इकडे लोकांना सांगायला फ्रँकलिन मोकळा, की तुमचा एक पौंड म्हणजे दोन. पैसे जमले आणि 1751 साली रुग्णालयाची स्थापना झाली. आपल्या राजकीय डावपेचांपैकी याच्याइतका आनंद दुसऱ्या कशानं दिला नाही, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. वरच्या मजल्यावर 1804 चं गोल शस्त्रक्रियागृह आहे. छतातून येणाऱ्या उजेडात, भूल न देता चिरफाड चालायची आणि भोवतीच्या सज्जांतून विद्यार्थी बघायचे. आत जायच्या वेळा आधी बघून घ्या, रुग्णालय अजून चालू आहे.

दुपारी फेअरमाउंट भागात जा. 1829 चा ईस्टर्न स्टेट तुरुंग तिथे आहे. कैद्याला एकटं ठेवलं की त्याला पश्चात्ताप होईल, ही त्यामागची कल्पना. मधल्या चौकातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या कोठड्यांच्या रांगा पुढे जगभरच्या तुरुंगांनी उचलल्या. चार्ल्स डिकन्स 1842 मध्ये तो एकांतवास पाहून हादरला होता. तुरुंग 1971 मध्ये बंद झाला, आता पडझड तशीच राखून दाखवतात. इथे तिकीट आहे, पण पैसे वसूल.

तिथून थोडं उत्तरेला नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू लागतो. वुमन्स मेडिकल कॉलेज तेव्हा याच रस्त्यावर होतं. आनंदीबाई जोशी इथेच शिकल्या आणि मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाईही हजर होत्या. कॉलेज पुढे ईस्ट फॉल्स भागात गेलं, त्यामुळे या रस्त्यावर आनंदीबाईंच्या काळचं काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. कॉलेजचं जुनं दफ्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. खास आनंदीबाईंसाठी जाणार असाल तर विद्यापीठाला आधी कळवा.

जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट. 1893 चा बाजार आहे, वर पूर्वी रेल्वे स्टेशन होतं. फक्त तुमचा मोकळा दिवस रविवार असेल तर आमिश लोकांचे बरेच गाळे बंद मिळतील.