यूव्ही लाइट आणि फायबरमध्ये पीएचडी करू का?

तुझा मेल वाचला. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, सुपरकंटिन्युअमवर (एका रंगाच्या लेसर पल्समधून अनेक रंगांचा सलग प्रकाश मिळवणं) सेमिनार दिलास, आता स्पेशल फायबरमधून ब्रॉडबँड आणि यूव्ही लाइट तयार करण्यावर पीएचडी करायचीये, पण घरचे म्हणतात एवढ्याशा विषयात अडकून पडशील. घरच्यांची भीती अगदीच खोटी नाहीये, फक्त विषय त्यांना वाटतो तेवढा छोटा नाही.

2000 साली बेल लॅब्जच्या रांका आणि टीमने हवेची बारीक भोकं असलेल्या फायबरमधून 100 फेमटोसेकंदाचे (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) पल्स सोडले आणि व्हायोलेटपासून इन्फ्रारेडपर्यंत सलग प्रकाश मिळवला, मग हेच फायबर फ्रिक्वेन्सी कॉम्बसाठी (कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावरच्या फ्रिक्वेन्सी, प्रकाश अचूक मोजायला) फार कामाला आलं आणि त्या कॉम्बच्या कामासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श या शास्त्रज्ञांना 2005 च्या फिजिक्स नोबेलमध्ये वाटा मिळाला.

यूव्हीची गोष्ट मात्र अवघड आहे. सिलिकाची काच सतत यूव्ही खाऊन हळूहळू खराब होते, तिच्यात कलर सेंटर (काचेतले बारीक दोष) तयार होतात आणि ती तोच प्रकाश शोषायला लागते, म्हणून आता बरंच काम पोकळ फायबरमध्ये आर्गॉनसारखा गॅस भरून चालतं. त्यात मजा अशी की गॅसचं प्रेशर बदललं की डिस्पर्शन (वेगवेगळ्या रंगांचा वेग वेगळा असणं) बदलतं आणि यूव्हीची वेव्हलेंग्थ ट्यून करता येते. माझं मत विचारशील तर यूव्हीच करायचं असेल तर पोकळ फायबरवाली लॅब बघ.

नोकरीचं म्हणशील तर 'यूव्ही फायबर एक्सपर्ट हवा' अशी जाहिरात क्वचितच दिसेल. लोक घेतात ते फेमटोसेकंद लेसर हाताळता येतो, फायबरमध्ये बीम नीट कपल करता (आत सोडता) येतो, सिम्युलेशन लिहिता येतं म्हणून, आणि हे सगळं फायबर लेसर बनवणाऱ्यांना, मायक्रोस्कोपी आणि ओसीटीवाल्यांना (प्रकाशाने डोळ्याच्या पडद्यासारख्या भागांचं आतलं चित्र काढणारे), चिप तपासायची मशीन बनवणाऱ्यांना लागतं.

अर्ज करायच्या आधी एक काम कर, पायथॉनमध्ये स्प्लिट-स्टेप पद्धतीने (फायबरचे छोटे तुकडे पाडून एकेक पायरी मोजत) नॉनलिनियर श्रोडिंगर इक्वेशन, म्हणजे फायबरमधल्या पल्सचं गणित, हायर-ऑर्डर डिस्पर्शन आणि रामनच्या टर्म धरून सोडव आणि सॉलिटॉन (आकार टिकवून जाणारा पल्स) फुटताना स्पेक्ट्रम कसा पसरतो ते स्वतः प्लॉट करून बघ. पहिल्यांदा आउटपुट चुकीचंच येईल, मग चूक शोधत बसायला कंटाळा आला तर लॅबमधली अलाइनमेंट (आरसे-लेन्स हलवून बीम नेमका जागेवर आणणं) तुला त्याहून जास्त छळेल, हे आत्ताच सांगतो (सेमिनारच्या स्लाइडवर ते दिसत नाही).

आणि गाइडशी बोलायच्या आधी त्यांच्या सिनियर स्टुडंटला गाठ. फायबर लॅबमध्येच ओढून बनवता की बाहेरून येतं, लेसरवर आठवड्यात किती वेळ मिळतो, आधीचे लोक आता कुठे आहेत, एवढं विचार.