वाचकांचे प्रश्न : खाटेशेजारी बसणाऱ्यांसाठी

उमेदीची वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून गेली, आता रुग्णालयात येणाऱ्या स्वयंसेवकांना तयार करते. या खेपेची पत्रं बहुतेक त्यांचीच आहेत. चार घेते.

प्रश्न : ताई, निवृत्त झाल्यावर मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. वृद्धांच्या वॉर्डात पाठवलं. काम काय, तर आजींचा चष्मा शोधा, आजोबांशी बोला, आज कोणता वार ते सांगा. आयुष्यभर हिशेब तपासले, आता रिकामटेकडा झाल्यासारखं वाटतं. माझा खरंच काही उपयोग होतोय का?

उत्तर : हिशेबातले आहात, तर आधी आकडेच घ्या. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनूये आणि सहकाऱ्यांनी सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांना तिच्या जोडीला, तुम्ही कंटाळून लिहिली आहेत तसलीच कामं: वार-तारखेची आठवण, चष्मा, कानाचं यंत्र, वेळेवर पाणी, थोडं चालणं, रात्री झोपमोड होऊ नये याची काळजी. यातलं बरंचसं प्रशिक्षित स्वयंसेवक करत होते. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, दुसऱ्या गटात ९.९ टक्क्यांना.

डिलिरियम म्हणजे अचानक येणारा संभ्रम. सकाळी नीट बोलणाऱ्या आजी संध्याकाळी सलाईन ओढतात, भिंतीवर किडे चालताहेत म्हणतात, पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. घरच्यांना वाटतं, डोकं फिरलं. तसं नसतं. जंतुसंसर्ग, एखादं औषध, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, दुखणं, जागरण, यातलं एखादं किंवा तीन-चार एकदम कारणीभूत असतात. आणि आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळेच धावतात. नजरेतून सुटतो तो गप्प पडून ‘हं’ म्हणणारा. ‘आजोबा फार शांत आहेत हो’ असं कोणी कौतुकानं म्हटलं, की मी हातातलं सोडून आधी त्या खाटेपाशी जायची. काल नातवाच्या खोड्या सांगणारा माणूस आज तोंड उघडत नाही, हे ड्युटी बदलून नुकत्याच आलेल्या सिस्टरला कसं कळणार? तुम्हाला कळतं. तेवढं तिच्या कानावर तडक घाला.

त्याच अभ्यासात असंही दिसलं, की डिलिरियम एकदा झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता काही कमी झाली नाही. म्हणजे तुमचं काम आहे ते त्याच्या आधीचं. म्हणून चष्मा पहिल्याच दिवशी. ‘चष्मा आहे का’ असं विचारू नका, ‘कुठे आहे’ असं विचारा. बहुधा तो घरी कपाटात असतो, इथे हरवेल म्हणून. आला की पुसून द्या. बोटांच्या ठशांनी भरलेल्या काचांतून कोणाला दिसणार? कानाच्या यंत्राची बॅटरी संपलेली नाही ना, तेही पाहा.

वार सांगायचा तो परीक्षा घेतल्यासारखा नको. ‘सांगा बघू, आज वार कोणता?’ म्हटलं की माणूस ओशाळतो. ‘आज मंगळवार, संध्याकाळी लेक यायची आहे ना तुमची?’ एवढं पुरे. किडे दिसत असतील तर हुज्जत घालू नका आणि हो ला हो सुद्धा करू नका. ‘मला दिसत नाहीत, पण मी इथेच आहे’ असं म्हणा, दिवा लावा आणि सिस्टरला बोलवा.

चालवायचं ते सिस्टरनी हो म्हटल्यावरच. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं, मिनिटभर थांबायचं, गरगरतंय का विचारायचं. लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती हातात धरून उंच उचलू नका, ओटीपोटाच्या खालीच राहू द्या. नाहीतर पिशवीतली लघवी उलटी वर जाते.

प्रश्न : एक आजोबा पाणी मागत होते, सिस्टर कामात होत्या. मी दोन घोट पाजले तर केवढ्या रागावल्या! पाण्यानं असं काय होतं?

उत्तर : न्यूमोनिया होऊ शकतो. पक्षाघातानंतर अनेकांचं गिळणं बिघडतं. पाणी श्वासनलिकेत उतरतं, आणि ठसका लागतोच असं नाही. कोणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं असतं. सिस्टर बरोबरच होत्या, आवाज जरा खाली ठेवायला हवा होता एवढंच. परवानगी असेल तेव्हा ताठ बसवून लहान घोट द्या, तो गिळल्याशिवाय दुसरा नाही. खोकला आला किंवा आवाज घरघरीत झाला, तर थांबा आणि सांगा.

प्रश्न : माझं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली, आता बरी आहे. नव्या रुग्ण बायकांना धीर द्यावासा वाटतो. आधी त्यांना माझी सगळी कहाणी सांगू का?

उत्तर : जा, पण सगळी कहाणी घरी ठेवून जा. हीच गोष्ट टेरीज लासर या बाईंनी १९५२ मध्ये सुरू केली. स्वतःचा स्तन काढल्यावर त्या तशाच ऑपरेशनमधून उठलेल्या बायकांना भेटायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांना ते आवडलं नव्हतं. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं तो उपक्रम आपलासा केला. तुमच्याकडे जे आहे ते सर्जनकडेही नाही: तुम्ही समोर धडधाकट उभ्या आहात. तेवढं दाखवलं की बाई आपणहून विचारते, आणि बहुतेकदा अगदी साधं विचारते. हात वर कधी जाईल? ब्लाउज कसला घालू? नवऱ्याला व्रण कधी दाखवलात? विचारेल तेवढंच सांगा. ‘माझे तर केस असे गेले’ हे न विचारता नको, तिचे औषधोपचार वेगळे असू शकतात. ‘तू पण नक्की बरी होशील’ हे तर मुळीच नको. ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि तुमच्या पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली असेल, तर तेवढे दिवस सुट्टी घ्या.

प्रश्न : वॉर्डातल्या एक आजी उद्या घरी जाणार. एकट्या राहतात. घरी भेटायला जायची परवानगी समन्वयकांनी मला दिली आहे. काय पाहू?

उत्तर : डिस्चार्ज मिळाला म्हणजे सुटलो, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात अंगात ताकद नसते, झोपेचं खोबरं झालेलं असतं, जेवण उतरलेलं असतं. येलचेच डॉ. हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये लिहिलं, की रुग्णालयातून आल्यावरच्या या नाजूक काळात माणसं पुन्हा दाखल होतात ती पुष्कळदा भलत्याच कारणानं; पहिला आजार राहतो बाजूला. कोणी पडतं, कोणाला नवा संसर्ग होतो.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा. औषधांचा डबा समोर मांडायला सांगा. जुन्या गोळ्या तशाच असतात, नव्या आणलेल्या असतात, आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन्ही वेळा पोटात जात असतं. हे मी किती घरांत पाहिलंय! ‘समजलं का’ विचारलंत तर आजी मान हलवतील. ‘रात्रीच्या गोळ्या कशा घेता, दाखवा ना’ म्हणा. शंका आली तर तुम्ही पाकीट उचलून फेकायचं नाही. तिथूनच रुग्णालयात फोन लावायचा आणि आजींना बोलायला द्यायचं. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख कोणती, आणि सोबत कोण जाणार?

मग खाटेपासून संडासापर्यंत स्वतः चालून पाहा, दिवा न लावता. जिथे तुमचा पाय अडला, तिथे रात्री आजींचाही अडणार. पायपुसणं सरकत असेल तर त्यांना विचारून उचला.

बँकेचं काम, किल्ल्या, पैसे यांना हात लावू नका, आजींनी कितीही आग्रह केला तरी. आणि किती आठवडे येणार ते पहिल्याच भेटीत सांगा. दिवस भरत आले की समन्वयकांना कळवा, म्हणजे पुढे कोण येणार ते आजींना आधी समजेल.