वाचकांचे प्रश्न : ओळखीच्या भट्टीचा पिझ्झा

एकाच कुटुंबाने वर्षानुवर्षे चालवलेल्या छोट्या पिझ्झेरियांविषयी मी मागच्या अंकात जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चौघांचेही म्हणणे एकाच गोष्टीभोवती फिरत असल्यामुळे या महिन्यात दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न : आमच्या घराजवळ एका कुटुंबाचे पिझ्झाचे छोटे उपाहारगृह होते. आजोबांनी सुरू केलेले, पुढे मुलाने आणि सुनेने सांभाळलेले ते दुकान चाळीसहून अधिक वर्षे चालले आणि गेल्या वर्षी अचानक बंद झाले. मी सात वर्षांची असल्यापासून तिथे जात होते. परीक्षा संपली की तिथे, पहिला पगार झाला तेव्हा तिथे, आणि वडील गेल्यानंतर आईला पहिल्यांदा घराबाहेर काढले तेही तिथेच नेण्यासाठी. आता त्या जागी वेगळेच दुकान आहे आणि मी त्या रस्त्याने जाणे टाळते. मुले म्हणतात, ‘आई, पिझ्झाच तर होता.’ एका उपाहारगृहासाठी इतके हळवे होणे शहाण्या माणसाला शोभते का?

उत्तर : शोभते, आणि त्याची लाज वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. तुम्ही ज्याला हळवेपणा म्हणता त्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील आपल्या प्रबंधात दिले. घरापासून दूर गेलेल्या माणसांना होणारा त्रास त्याला दुखणे वाटला होता, म्हणून त्याने घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडले. आज कोणी त्याला आजार मानत नाही. पण त्या शब्दातली वेदना खरी आहे, हे तुमचे पत्र वाचताना जाणवले.

यात नाकाचा वाटा फार मोठा असतो. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जाते, तर वासाचे संदेश हा वळसा न घेता भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागापर्यंत पोहोचतात, आणि स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पसही तिथून लांब नसतो. त्यामुळे भाजलेले पीठ, वितळलेले चीज आणि टोमॅटो यांचा एकत्र वास आला की आधी गलबलून येते आणि कशामुळे ते नंतर कळते. त्यातच माणसाला उतारवयात सर्वाधिक आठवतात ती साधारण दहा ते तीस या वयातली वर्षे, असे स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. तुमची परीक्षा आणि पहिला पगार नेमके याच वर्षांतले आहेत.

परंतु एवढ्यावर थांबलो तर तुमच्या आईचा प्रसंग सुटून जाईल, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला आणखी एक जागा लागते, जिथे निमंत्रणाशिवाय जाता येते आणि जिथले लोक आपल्याला चेहऱ्याने ओळखतात. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी 1989 मध्ये तिला ‘तिसरी जागा’ असे म्हटले. दुःखात असलेल्या आईला अनोळखी ठिकाणी नेणे अवघड असते. जिथे गल्ल्यामागच्या बाईंनी तुम्हाला फ्रॉकमध्ये पाहिले आहे, जिथे काय हवे ते सांगण्याआधीच ठाऊक असते आणि एक खुर्ची या वेळी रिकामी का आहे हे कोणी मोठ्याने विचारत नाही, तिथे ती चार घास खाऊ शकते. असे ठिकाण बंद झाल्यावर त्याची जागा दुसऱ्या पिझ्झाने भरून निघत नाही. मुलांना पिझ्झा दिसतो, कारण त्यांनी तिथे फक्त पिझ्झाच खाल्ला आहे. त्यांचे आजोबा गेल्यानंतर आजीला तिथे नेले, तो दिवस त्यांना सांगा.

मला स्वतःला अशा एका जागेची आठवण येते ती आवाजाने. कटरचे गोल पाते खरपूस कडेवरून कर्रकन पुढे जाई आणि लाकडी फळीवर टक् असे टेके. एका पिझ्झाला चार वेळा. त्या फळीवर मधोमध चांदणीसारख्या रेघा पडल्या होत्या, कारण पिझ्झा वर्षानुवर्षे त्याच जागी ठेवला जात होता आणि पाते त्याच चार दिशांनी फिरत होते.

प्रश्न : आमचे आवडते पिझ्झाचे दुकान बंद होताना मी मालकांकडे कृती मागितली. ते म्हणाले, ‘विशेष काही नाही, पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट.’ घरी दहा वेळा करून पाहिला, पण कधी चिवट होतो तर कधी मध्यभागी ओला राहतो. त्यांनी काही लपवले असेल का?

उत्तर : त्यांनी तुम्हाला खरे तेच सांगितले, असे मला वाटते. चव त्या चार जिनसांत नव्हती. ती वेळेत आणि उष्णतेत होती, आणि या दोन गोष्टी मालकांना इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही.

आधी उष्णता पाहू. इटलीतील नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत सुमारे 430 ते 480 अंश सेल्सिअसला भाजतात आणि तो दीड मिनिटाच्या आत तयार होतो. पिझ्झाच्या दुकानांतून पुष्कळदा दिसणारी दगडी तळाची गॅसची भट्टी साधारण 260 ते 320 अंशांवर चालते, तर घरातला ओव्हन बहुधा 250 अंशांवर अडतो. फरक केवळ आकड्याचा नाही. दुकानातला दगड सकाळपासून तापत असतो, त्यात भरपूर उष्णता साठलेली असते, आणि त्यावर गार पीठ पडले तरी तो डगमगत नाही. घरी पातळ ट्रेवर ठेवलेला पिझ्झा मात्र ट्रेचीच उष्णता शोषून घेतो, तळ फिकट राहतो, आणि तो भाजला जाईपर्यंत वरचा भाग कोरडा पडून सगळेच चिवट होते. तळाला आणि कडेला तांबूस रंग व खमंगपणा येतो तो पिठातील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात होणाऱ्या प्रक्रियेमुळे. लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ती जोमाने होण्यासाठी पृष्ठभाग साधारण 140 अंशांच्या वर जावा लागतो, आणि ओला पृष्ठभाग पाण्याची वाफ होत असेपर्यंत शंभराच्या आसपासच अडकून राहतो. म्हणून जाड दगड किंवा पोलादाची जाड पट्टी ओव्हनच्या वरच्या कप्प्यात ठेवा, सर्वाधिक तापमानावर निदान पाऊण तास तापवा आणि पिझ्झा थेट तिच्यावर सरकवा. सहा ते आठ मिनिटे पुरतात. शेवटचे मिनिटभर वरचे ग्रिल लावा.

आता वेळ. पाचशे ग्रॅम पिठाला, ज्यात प्रथिने 12 ते 13 टक्के असतील असे पीठ घेऊन, 320 ग्रॅम पाणी, 11 ग्रॅम मीठ आणि एक ते दीड ग्रॅमच कोरडे यीस्ट घ्या. तुम्ही चमचाभर यीस्ट घालून दोन तासांत पीठ फुगवत असाल, तर चुकते ते तिथे. थोडे यीस्ट घालून मळलेले पीठ झाकून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवले की पिठातील विकरे (एन्झाइम) स्टार्चचे सावकाश शर्करेत रूपांतर करतात; चव त्यातून येते, रंगही त्यातूनच चढतो. एवढ्या पिठाचे सुमारे 275 ग्रॅमचे तीन गोळे होतात. भाजण्याआधी ते दीड-दोन तास बाहेर ठेवा आणि हाताने पसरा. लाटण्याने कडेतली हवा निघून जाते. मध्यभाग ओला राहतो तो बहुधा सॉस जास्त झाल्यामुळे किंवा ताजे, पाणीदार मोझरेला चीज न निथळता घातल्यामुळे.

इतके करूनही तो पिझ्झा त्यांच्यासारखा शंभर टक्के होणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे अकराव्या वेळी तुम्ही निराश होणार नाही. जुन्या भट्टीचा कोणता कोपरा जास्त तापतो हे मालकांच्या हाताला ठाऊक होते. लांब दांड्याचे फावडे आत घालून पिझ्झा नेमका कधी अर्धा फिरवायचा, यासाठी ते घड्याळ पाहत नसत. अमेरिकेतील न्यू हेवन येथे 1925 मध्ये सुरू झालेल्या फ्रँक पेपे यांच्या पिझ्झेरियाच्या पुढच्या पिढ्यांनी नव्या शाखा काढल्या, तेव्हा मूळ कोळशाच्या भट्टीच्या धर्तीवरच नव्या भट्ट्या बांधून घेतल्या. कृती हाताशी असलेल्या कुटुंबालाही भट्टी सोडवली नाही, याचा विचार करा.

प्रश्न : आमच्या भागातील जुने पिझ्झेरिया अजून चालू आहे, पण नवी पिढी आल्यापासून चव उतरली आहे असे मला ठामपणे वाटते. पत्नी म्हणते, चव तीच आहे, तुमची जीभ म्हातारी झाली. कोण बरोबर?

उत्तर : दोघेही बरोबर असू शकता. साठीनंतर वास घेण्याची क्षमता हळूहळू मंदावणे सर्वसामान्य आहे, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा वासाचाच असतो. दुसऱ्या बाजूला, धंद्यात होणारे काही बदल चवीवर खरोखर परिणाम करतात. चीज दुकानात किसण्याऐवजी तयार किसलेले आणले, तर ते चिकटू नये म्हणून लावलेल्या स्टार्चमुळे किंवा सेल्युलोजमुळे ते तितके सुरेख वितळत नाही. दगडी भट्टी काढून सरकत्या पट्ट्याचा ओव्हन बसवला, तर गरम हवेच्या झोतात पिझ्झा एकसारखा भाजला जातो, पण ते काळसर, खरपूस ठिपके येत नाहीत.

निकाल लावण्याआधी एक करा. तुम्ही हल्ली पिझ्झा घरी मागवत असाल, असा मला संशय आहे. बंद पुठ्ठ्याच्या खोक्यात दहा-पंधरा मिनिटांत वाफ कोंडते आणि कुरकुरीत तळ ओलसर होतो. भट्टीतून काय निघाले होते, ते त्या खोक्यातून कळायचे नाही. गर्दी नसेल अशा वेळी पत्नीला घेऊन तिथे जा, बसून खा, आणि तरीही फरक जाणवला तर मालकाला आपुलकीने सांगा. जुन्या गिऱ्हाइकाने समोर बसून सांगितलेले कोणीही मनावर घेतो.

प्रश्न : मी अशाच एका पिझ्झेरियाच्या मालकांची मुलगी. वडील आता 71 वर्षांचे आहेत, गुडघे साथ देत नाहीत. मी दुसऱ्या व्यवसायात आहे आणि दुकान चालवणार नाही. आम्ही ते बंद करायचे ठरवले आहे. जुने गिऱ्हाईक मला दारात गाठून म्हणतात, ‘तुम्ही हे बंद कसे करू शकता?’ मला झोप लागत नाही. मी चूक करते आहे का?

उत्तर : नाही. ज्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे घालवायला मिळाली, त्यांनी बाकीच्या सगळ्या संध्याकाळी तिथे राबणाऱ्या घराला जाब विचारू नये. तुम्ही गल्ल्यामागे स्टुलावर बसून अभ्यास केला असेल, सणासुदीला घरात वडील नसतील, आणि सुटीचा दिवस म्हणजे सर्वाधिक कामाचा दिवस हे तुम्ही लहानपणीच शिकला असाल. गिऱ्हाइकांना हे दिसलेले नसते. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि प्रेम जास्त आहे, एवढे मात्र धरून चाला.

कुटुंबाचा धंदा पुढे चालतो तेव्हा तो कोणाला तरी मनापासून हवा असतो म्हणून चालतो. नेपल्समधील दा मिकेले हे पिझ्झेरिया 1870 पासून त्याच कुटुंबाकडे आहे. याउलट न्यू यॉर्कमधील लोम्बार्डीज, जे अमेरिकेतले पहिले पिझ्झेरिया म्हणून ओळखले जाते आणि ज्याचा प्रारंभ 1905 चा मानतात, ते 1984 मध्ये बंद पडले. दहा वर्षांनी, 1994 मध्ये, संस्थापकांच्या नातवाने एका मित्रासोबत ते जवळच पुन्हा सुरू केले. तुमच्याकडे असे होईल, असे मी म्हणत नाही. पण आज शटर उतरले म्हणजे सगळेच कायमचे गेले असे होत नाही, फक्त वडिलांच्या हातातले कुठेतरी उतरवून ठेवले पाहिजे. युनेस्कोने 2017 मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत नेपल्सचा पिझ्झा हा पदार्थ घेतला नाही, पिझ्झा करणाऱ्या पिझ्झायुओलोंची कला घेतली. तुमच्या घरातही जपण्याजोगे तेच आहे.

तेव्हा दोन कामे करा. बंद होण्याची तारीख निदान महिनाभर आधी दारावर लावा, म्हणजे पहिल्या पत्रातील बाईंसारखे कोणाला दुसऱ्याच दुकानाची पाटी वाचून हे कळणार नाही. आणि या महिन्यात आठ-दहा वेळा पहाटे वडिलांसोबत दुकानात जा. ते मीठ मुठीने टाकत असतील. टाकण्याआधी ती मूठ वजनकाट्यावर रिकामी करायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. पाण्यात बोट घालून ‘ठीक आहे’ म्हणाले की थर्मामीटर बुडवा. गोळा पसरताना त्यांचे हात तेवढे फोनवर चित्रित करा, चेहरा नको, म्हणजे ते संकोचणार नाहीत. उन्हाळ्यात ते यीस्ट कमी करतात का, हेही विचारा; बहुधा करत असतील, आणि आजवर कोणी विचारले नाही म्हणून त्यांनी ते कधी सांगितले नसेल.