एमजी टीसीची बॉडी टीडीच्या चासीवर बसेल का? दोन्ही चासींत नेमका फरक काय?

बसेल. (नवख्यांसाठी: एमजी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, टीसी आणि तिच्यानंतरची टीडी ही तिची मॉडेलं, आणि चासी म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा.) खुद्द कारखान्यानेच बसवली होती म्हणा ना. 1949 मध्ये ॲबिंग्डनच्या, म्हणजे एमजीच्या कारखान्यातल्या, मंडळींनी वाय टाइप या बंद टपाच्या एमजीची चासी घेतली, 5 इंच कापून तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 99 वरून 94 इंचांवर आणला आणि वर टीसीची बॉडी ठेवली. टीडीचा पहिला नमुना तो. तरीही तुम्ही बसवू नका. का ते पुढे सांगतो, कारण प्रश्नाखाली तुम्ही जे लिहिलंय ते मला आधी टोचलं. "मामांच्या टीसीची चासी गेली आहे, ओळखीत टीडीची पडून आहे, पण टीडीची चासी बोजड असते असं सगळे म्हणतात."

हे 'सगळे' माझ्या चांगले ओळखीचे आहेत. त्यातले एक माझे थोरले काका.

काकांकडे 1947 ची टीसी होती. 19 इंची स्पोकची चाकं, लांब बॉनेट, कोल्हापुरात रंकाळ्यावर उभी केली की पोरं गोळा व्हायची. वडिलांनी 1979 मध्ये मिरजेच्या एका बंगल्यातून टीडी आणली, तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. काकांनी तिला एक फेरी मारली, पायाने चाकाला ठोकर दिली आणि म्हणाले, "बाळू, पत्र्याची चाकं? ही एमजी नव्हे, बटाट्याची हातगाडी आहे."

वाईट म्हणजे गाडी खरंच तिरकी चालायची. पन्हाळ्याच्या रस्त्याला मागून येणाऱ्याला वाटायचं, ही आता वळणार. एका गॅरेजवाल्याने दोनदा अलाइनमेंटचे पैसे घेतले आणि तिसऱ्यांदा "इंग्लिश गाडी, अशीच असते" म्हणून हात झटकले. काकांचा निकाल कधीच लागला होता: टीडीची चासीच कुचकामी. प्रत्येक लग्नात, प्रत्येक श्राद्धाला हेच. वडील "बघू दादा" म्हणायचे, त्यापुढे नाही.

1982 च्या दिवाळीत, मी पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला असताना, आम्ही सहा जणांनी बॉडी उचलून अंगणात ठेवली. (टी मालिकेच्या सगळ्याच गाड्यांचा बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा. उचलताना तो करकरतो, घाबरू नका.) चासी पडवीत चार घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, पाण्याच्या नळीने लेव्हल केली. मग ठरलेल्या भोकांतून ओळंबा सोडायचा, खाली शहाबादी फरशीवर खडूने फुली मारायची, पुढची डावी ते मागची उजवी सुतळी ताणायची, मग उलटी. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. आले सहा सुतांच्या फरकाने, म्हणजे पाऊण इंच. वडिलांनी तीनदा मापलं, चौथ्यांदा आपला आकडा न सांगता मला मापायला लावलं. तेवढाच आला.

मग ते हातोडीने चासी वाजवत गेले. टण, टण, टण, आणि डाव्या बाजूला पुढच्या आडव्या मेंबरच्या जरा मागे बद्द. तिथलं डांबर खरवडलं तर आत हातभर पट्टी मारलेली. कुणीतरी कधीकाळी गाडी धडकवली होती, गॅस मारून चासी लाल केली, ओढून अंदाजपंचे सरळ केली आणि वर पट्टी चिकटवून डांबर फासलं होतं. दोष चासीचा नव्हता, कारागिराचा होता.

काकांना बोलावलं. त्यांनी खडूच्या रेघा पाहिल्या, सुतळी पाहिली, पट्टी पाहिली. म्हणाले, "फरशी वाकडी असेल."

उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरने तो तुकडा कापला, गॅस न लावता जॅकने चासी सरळ केली, नवा तुकडा जोडला. फरक एका सुतावर आला. तेव्हापासून गाडी सरळ चालते, आज माझ्याकडे आहे.

आता तुमचा फरक. टीसीची चासी म्हणजे तिच्या आधीच्या, 1936 च्या टीए मॉडेलचीच, थोडी सुधारलेली. पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) मागची टोकं टीए आणि नंतरच्या टीबीत सरकत्या आधारावर होती, टीसीत रबरी बुशचे शॅकल, म्हणजे झुलत्या कड्या, आल्या. बाकी तेच: पुढे सरळ ॲक्सल, चारी बाजूंना पाटे, आणि मागे चासी ॲक्सलच्या खालून जाते, त्यामुळे चाकाला खाली उतरायला जागाच कमी. खड्ड्यात ही चासी अंग पिळते. लोक त्याला जिवंतपणा म्हणतात. काकांच्या गाडीचं दार ज्योतिबाच्या घाटात आपोआप उघडायचं, मी त्याला जिवंतपणा म्हणणार नाही. टीडीला मात्र बंद पेटीसारखी चासी मिळाली, मागे ॲक्सलच्या वरून वळसा घेणारी. पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, कॉइल स्प्रिंगवर (मूळ वाय टाइपचं हे काम ॲलेक इसिगोनिसचं, ज्यांनी पुढे मिनी केली), आणि रॅक-पिनियन स्टेअरिंग. टीसी सुमारे 10,000 झाल्या, टीडी जवळजवळ 30,000. टीडीनंतरच्या, 1953 च्या टीएफमध्ये चेहरा बदलला, स्पोकची चाकं जादा पैसे देऊन परत मिळू लागली, पण खाली चासी टीडीचीच. काकांना टीएफ आवडायची, हे गंमत म्हणून सांगतो.

तर बॉडी का बसवू नका? व्हीलबेस दोन्हींचा 94 इंच, म्हणून मोह होतो. पण टीसीचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 45 इंच, टीडीचा मागचा 50. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतील. मागच्या वळशामुळे तळ आणि टाकीची बैठक बदलावी लागेल, स्टेअरिंग वेगळीकडून येईल, आणि शेवटी कुठलीच गाडी हातात उरणार नाही. शिवाय नंबर चासीच्या पुढच्या डाव्या टोकाला ठोकलेला असतो. आरसी बुकात टीसीचा नंबर आणि खाली टीडीची चासी असं झालं तर आरटीओत चपला झिजवाल.

एक कबुली द्यायला हवी. टीसी मी जेमतेम आठ-दहा वेळा चालवली असेल, तेव्हा माझं मत एकतर्फी धरा. आणि टीडीच्या चासीत एक खोट आहेच: आपण तिच्या आत नाही, वर बसतो. 1951 च्या ले मांसाठी (फ्रान्समधली 24 तासांची शर्यत) जॉर्ज फिलिप्स या ड्रायव्हरच्या टीडीवर गुळगुळीत बॉडी चढवली, तरी ड्रायव्हर छातीपासून वर वाऱ्यात. मग एमजीचा इंजिनियर सिड एनेव्हरने चासीचे दोन्ही दांडे बाहेर सरकवून माणसाला मध्ये खाली बसवलं, त्यातून 1955 ची एमजीए आली. 1962 च्या एमजीबीला वेगळी चासीच उरली नाही. काकांना हा मुद्दा ठाऊक असता तर ते जिंकले असते.

आणि मामांची चासी "गेली" असं कोण म्हणालं? मापून म्हणालं का? गंज असेल तर तुकडे जोडता येतात. आधी ओळंबा सोडा, दोन्ही कर्णांची मापं इथे टाका. फरशी कसली आहे तेही लिहा.